शेवटची दुकानं

शीळफाट्यावर एक पतपेढी होती. मुंब्र्याकडून, महापेकडून, पनवेलकडून आणि कल्याणकडून येणारे रस्ते जिथे एकमेकांत गुंततात, तिथे टायरच्या एका दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत काउंटर, आतल्या खोलीत तिजोरी. काउंटरमागे एक जुना संगणक होता. त्याला इंटरनेट जोडलेलं नव्हतं. व्हायरस शिरेल आणि लोकांचे पैसे उडतील, अशी मॅनेजर साहेबांना भीती वाटे.

पतपेढीत पिग्मी गोळा करणारे एक काका होते. पिग्मी म्हणजे रोजची चिमूटभर बचत. ज्याला बँकेत जायला वेळ नाही त्याच्या दारात बँकेनेच जावं आणि तो देईल ते दोन आणेही घ्यावेत, अशा विचाराने उडुपीच्या एका बँकेने 1928 साली ही पद्धत सुरू केली. तीच पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली. तिथून ही पद्धत गावोगावच्या पतपेढ्यांत गेली. शीळफाट्यावर ती काकांच्या स्कूटरवरून फिरत असे.

आधी काकांकडे कार्डं असायची. पैसे घ्यायचे, कार्डावर रक्कम लिहायची, सही करायची. मग पतपेढीने त्यांना हातात मावेल असं एक मशीन दिलं. सकाळी ताई, म्हणजे पतपेढीतली कारकून मुलगी, ते संगणकाला जोडून त्यात खातेदारांची नावं आणि शिल्लक भरून देई. दिवसभर काका दुकानोदुकानी जात, रक्कम दाबत आणि मशीनमधून निघालेली पावती फाडून हातात देत. पावतीवर नाव, रक्कम, शिल्लक आणि वेळ असे. रात्री साडेआठच्या सुमाराला काका जिना चढून येत. ताई मशीन पुन्हा संगणकाला जोडी आणि दिवसभराच्या नोंदी संगणकात उतरत. काका पैसे मोजून देत. संगणकातली बेरीज आणि काउंटरवरची रोकड जुळली की ताई संगणक बंद करी.

वर्षानुवर्षं ती जुळत आली होती.

एका पावसाळ्यात ती जुळेनाशी झाली. पहिल्या दिवशी संगणकाने पन्नास रुपये जास्त दाखवले. काकांनी खिसे तपासले, स्कूटरची डिकी तपासली आणि पन्नास रुपये आपल्या पाकिटातून काढून दिले. कुठेतरी सुटे देताना चुकलं असेल, असं ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी दीडशेचा फरक आला. पुढच्या आठवड्यात चारशेचा.

मॅनेजर साहेबांनी डोंबिवलीहून संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला बोलावलं. कल्याण-शीळ रस्त्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती, त्यामुळे तो दुपारचा निघून संध्याकाळी पोचला. त्याने केबल बदलली. केबल दुसऱ्या खाचेत लावल्याबरोबर संगणकाला मशीन दिसेनासं झालं, कारण खाच बदलली की संगणक पोर्टला नवा नंबर देतो आणि पतपेढीचा प्रोग्रॅम जुन्याच नंबरावर वाट पाहत बसतो. ते त्याने ओळखलं आणि नंबर बदलून दिला. मशीन पुन्हा दिसू लागलं. सगळ्यांना वाटलं, झालं काम. मुलगा चहा पिऊन गेला. त्या रात्री फरक सहाशेचा आला.

मग ज्यांनी प्रोग्रॅम विकला होता त्यांना फोन केला. तिकडून विचारणा झाली, "अलीकडे काही बदललंय का?" मॅनेजर साहेब म्हणाले, "काहीही नाही." तिकडून सांगण्यात आलं, "मशीन जुनं झालंय. त्यातलं सगळं पुसा आणि संगणकातलं त्यावर चढवा. संगणक खरा धरा."

संगणक खरा धरायचा, तर काका खोटे ठरत होते. हे फोनवर कोणी बोललं नाही, पण खोलीतल्या तिघांनाही ते कळलं. मॅनेजर साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी काकांना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "काका, काही अडचण असेल तर सांगा," ते म्हणाले, "आगाऊ रक्कम देता येईल." काका म्हणाले, "अडचण नाही." मॅनेजर साहेबांनी मान हलवली आणि फरकाची रक्कम काकांच्या कमिशनमधून वळती करायला सुरुवात केली.

काका घरी जाऊन नोटा तीन तीनदा मोजू लागले. दुकानात पैसे घेताना ते गप्पा मारीनासे झाले. गप्पांच्या नादात आपण चुकतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. कधी त्यांना वाटे, आपलं वय झालं. कधी वाटे, ताईच काहीतरी भलतं बटण दाबते. ताई नवी होती, लग्न ठरलेलं होतं, फोन सारखा वाजत असे. आणि ताईला वाटे, काका भले आहेत, पण माणसाचं काय सांगावं. दोघं रोज रात्री समोरासमोर बसत आणि एकमेकांकडे न पाहता बेरीज करत.

फाट्यावर वडापावची एक गाडी होती. गाडीवरच्या मावशी रोज पन्नास रुपये टाकत. कढईच्या तेलाने पावतीवरची अक्षरं चार दिवसांत उडून जात. तो कागदच तसा असतो, त्याला तेल सोसत नाही. म्हणून मावशींनी पावत्या ठेवणं सोडून दिलं होतं. त्या गाडीच्या पत्र्याला लावलेल्या कालनिर्णयवर, पैसे दिले त्या तारखेला खडूची एक रेघ ओढत. महिनाअखेर रेघा मोजत.

महिना संपला आणि मावशींनी रेघा मोजल्या. मग ताजी पावती डोळ्यांजवळ धरून पाहिली. काका आल्यावर त्या म्हणाल्या, "काका, यो आकडा बरोबर नाय. माजे पैसे जास्त दिसतान."

"किती जास्त?"

"सहाशे. मना फुकटचं नको. कुनाचं तरी कमी झालं आसंल."

काकांनी पावती पाहिली, कालनिर्णय पाहिलं, आणि पुन्हा पावती पाहिली. महिनाभर त्यांचं कमी होत होतं. आता कुणाचं तरी जास्त झालेलं सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पुसायचं ठरलं होतं. काका त्या रात्री मॅनेजर साहेबांना म्हणाले, "उद्या नको, आणखी दोन दिवस थांबून पुसा. मला यातल्या नोंदी वहीत उतरवून घेऊ द्या." मॅनेजर साहेबांना यात काही अर्थ दिसला नाही, पण दोन दिवसांनी काय बिघडतं म्हणून ते हो म्हणाले. मशीनमध्ये मागच्या आठ दिवसांच्या नोंदी राहत असत. वेळप्रसंगी असाव्यात, म्हणून त्या लगेच पुसल्या जात नसत. काकांनी चष्मा लावला आणि एकेक नोंद वहीत उतरवली. नाव, रक्कम, वेळ.

इथे एक आठवतं. 1996 साली अमेरिकेत पायलट नावाचं, पुढे पाम पायलट म्हणून ओळखलं गेलेलं, खिशात मावणारं यंत्र निघालं. घरच्या संगणकाशेजारच्या ठोकळ्यात ते ठेवायचं, बटण दाबायचं, की दोन्हीकडचे पत्ते आणि कामांच्या याद्या एकमेकांशी जुळत. एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदललेली सापडली, तर ते यंत्र कोण खरं ते ठरवत बसत नसे. ते दोन्ही नोंदी ठेवी आणि मालकाला बघायला सांगे. ज्यांनी ते बनवलं त्यांना माणसांचा हिशोब माहीत असावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाट्यापाशी एक कंटेनर आडवा झाला. उरणच्या बंदराकडून भिवंडीकडे निघालेल्या गाड्या तळोज्याच्या बाजूला खोळंबल्या. एरवी काका खिडकाळीच्या महादेवाच्या देवळापासून सुरुवात करत, पडल्यावरून हळूहळू फाट्यापर्यंत येत, आणि मावशींची गाडी, टायरवाला, घड्याळवाले चाचा अशी शेवटची दुकानं करून जिना चढत. त्या दिवशी पोलिसांनी स्कूटर पुढे जाऊ दिली नाही. काकांनी फाट्यावरची दुकानं आधी उरकली. रस्ता सुटल्यावर ते खिडकाळीला गेले, तिथली दुकानं केली आणि रात्री परत आले.

त्या रात्री ताई मागे थांबली. तिने संगणकातल्या नोंदींचा छापील कागद काढला. काकांची वही समोर ठेवली. काका मोठ्याने नाव आणि रक्कम वाचत, ताई कागदावर टिक मारी. संगणक येण्याआधी पेढीवर कीर्द आणि खतावणीचा ताळा असाच घालत, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने खूण करायची. महिनाभरात पहिल्यांदाच ती दोघं एकाच कामाला बसली होती.

ज्या नोंदींवर दोन टिका पडल्या, त्या ताईने लाल शाईने घेरल्या. वडापाव. टायर. घड्याळवाले चाचा. पानवाला. रोज तीच नावं.

"तुमची फाट्यावरचीच माणसं का, काका?" ताईने विचारलं.

काकांना उत्तर देता येईना. त्यांना वाटलं, झालं, आता संशय पक्का झाला.

पुढच्या रात्री मशीन जोडलं तेव्हा फरक पुन्हा आला. ताईने दोनदा उतरलेली नावं शोधली. या वेळी वडापाव नव्हता, टायर नव्हता. देवळाजवळचा हारवाला होता, किराणावाला होता, पिठाची गिरणी होती. सगळे खिडकाळीचे.

ताई बराच वेळ त्या नावांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, काल तुम्ही उलटे फिरलात."

"हो. कंटेनर आडवा पडला होता."

"म्हणजे फाट्याची माणसं आणि खिडकाळीची माणसं, असं नाही हे. रोज जी दुकानं तुम्ही शेवटी करता, तीच दोनदा येतात." तिने वहीतला वेळेचा रकाना बोटाने खाली खाली वाचत नेला. "काका, आत्ता तुमच्या मशीनमध्ये किती वाजलेत?"

"आठ पस्तीस."

भिंतीवरच्या घड्याळातही तेवढेच वाजले होते. ताईने संगणकाच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. गेल्या कित्येक महिन्यांत ती कोणी पाहिली नव्हती. तिथे सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती.

आता सगळं सरळ होतं. रात्री मशीन जोडलं की संगणक आपल्या घड्याळाप्रमाणे टिपून ठेवी, की आपण अमुक वाजेपर्यंतच्या नोंदी घेतल्या. दुसऱ्या रात्री त्या वेळेनंतरच्या नोंदी तो नव्या धरी. खरे साडेआठ वाजलेले असताना तो सहा टिपत असेल, तर काकांनी सहा ते साडेआठच्या दरम्यान घेतलेले पैसे त्याला दुसऱ्या रात्री पुन्हा नवे दिसत. पावतीचा नंबर रोज एकपासून सुरू होत असे, त्यामुळे त्यावरून त्याला काही कळायचं नाही. तो कोणाचे पैसे खात नव्हता आणि काकाही खात नव्हते. तो मागे पडत चालला होता, इतकंच.

आणि मागे का पडत होता? डोंबिवलीचा मुलगा पुन्हा आला. त्याने खोक्याचा पत्रा उघडला आणि आतली बटणासारखी चपटी बॅटरी काढून दाखवली. संगणक बंद असतो तेव्हाही त्याचं घड्याळ चालू राहतं ते हिच्यामुळे. संगणकाची वायर भिंतीत असेपर्यंत त्यालाही थोडी वीज मिळत राहते आणि म्हातारी बॅटरीसुद्धा खपून जाते. "तुम्ही रात्री मेन स्विच बंद करता का?" त्याने विचारलं.

मॅनेजर साहेब गप्प झाले. पावसाळ्याच्या सुरुवातीला शेजारच्या गोदामात वायर जळाली होती. तेव्हापासून ते रोज रात्री स्वतःच्या हाताने मेन स्विच खाली ओढून कुलूप लावत. खबरदारीच होती ती. काही बदललंय का, असं फोनवर विचारलं तेव्हा त्यांना ती आठवलीही नाही. त्यांच्या मते तो बदल नव्हता, ती काळजी होती. त्या काळजीने संगणकाचं घड्याळ रोज रात्री थकलेल्या बॅटरीवर सोपवलं. ते थोडा वेळ चाले, थोडा वेळ थांबे, आणि सकाळी वीज आली की जिथे होतं तिथून पुढे चालू लागे. रोज काही मिनिटं गळत राहिली.

नवी बॅटरी घड्याळवाल्या चाचांकडे मिळाली. त्यांनी खणातून काढून दिली आणि तिच्यावरचा आकडा वाचून दाखवला, सीआर 2032. वीस मिलिमीटर रुंद, तीन पूर्णांक दोन मिलिमीटर जाड. लहानसहान कित्येक वस्तूंत त्यांनी तीच घातली होती. पैसे घेताना चाचांनी विचारलं, कोणाचं घड्याळ बंद पडलं? मॅनेजर साहेब म्हणाले, "पतपेढीचं."

या गोष्टीत महिनाभर तीन माणसं एकमेकांवर मनातल्या मनात आरोप करत राहिली, आणि तिघंही प्रामाणिक होती. संगणकही खोटं बोलला नाही. त्याला जी वेळ वाटत होती ती त्याने सांगितली. असं या मुलखात आधीही झालेलं आहे. 1906 साली देशाची एक वेळ ठरली, पण मुंबई शहराने आपली जुनी वेळ सोडली नाही. ती 1955 पर्यंत चालू होती. देशाच्या घड्याळात नऊ वाजत तेव्हा मुंबईच्या घड्याळात आठ वाजून एकवीस मिनिटं झालेली असत. जवळपास पन्नास वर्षं माणसं ठरलेल्या वेळेला पोचून एकमेकांना उशीर झाला म्हणत होती. भांडण मिटवायला त्यांतल्या कोणाचीही वही पुसायची गरज नव्हती. तुझ्याकडे किती वाजलेत, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. पण एकदा मनात संशय बसला की हा प्रश्न फार बाळबोध वाटतो आणि माणूस थेट खरं-खोटं ठरवायला बसतो. काकांनी दोन दिवस मागून घेतले नसते, तर मशीनमधले ते वेळेचे आकडे सकाळी पुसले गेले असते आणि काका जन्मभर खोटे राहिले असते.

हिशोब सरळ करायला पुढे बरेच दिवस लागले. ताईने दोनदा जमा झालेल्या नोंदी शोधून एकेक उलटवली. काका प्रत्येक दुकानात जाऊन सांगत, तुमच्या खात्यात इतके जास्त दिसत होते, ते कमी केले आहेत. बहुतेकांनी मान हलवली. पानवाल्याने वाद घातला, पावती मागितली, पावती कोरी निघाली, मग तोही हसला. मावशींनी कालनिर्णय काढून दाखवलं, आणि काकांनी ते मन लावून पाहिलं. मॅनेजर साहेबांनी काकांचं कापलेलं कमिशन परत दिलं, त्यांनी पाकिटातून भरलेली रक्कमही दिली. काकांनी ती तिथेच मोजली. रात्री मशीन जोडण्याआधी ताई आता मोठ्याने वेळ वाचते, काका मशीनमधली वाचतात, आणि मगच केबल लावली जाते. मेन स्विच अजूनही रात्री बंदच करतात.

एका ट्रकच्या क्लीनरने मात्र मधल्या काळात खातं बंद केलं होतं आणि दोनशे रुपये जास्त घेऊन तो गावी गेला होता. त्याला ते माहीतही नव्हतं. मॅनेजर साहेबांनी ती रक्कम किरकोळ खर्चात टाकायला सांगितली. ताईने टाकली. काकांनी मात्र त्याचं नाव आपल्या वहीत उतरवून ठेवलं, रकमेसकट आणि वेळेसकट.